आधी केंद्र, मग थर

वेरूळच्या बाराव्या लेण्यात, म्हणजे ‘तीन ताल’मध्ये, भिंतीवर कोरलेली एक चौकट आहे. तीन आडव्या ओळी, तीन उभ्या, अशी नऊ घरं. मधल्या घरात बुद्ध, भोवतीच्या आठ घरांत आठ बोधिसत्त्व. वर्तुळ नाही, पाकळ्या नाहीत, नक्षीचा सोस तर अजिबात नाही. तरीही हे मंडल आहे. मंडल व्हायला तीन गोष्टी लागतात: एक मध्य, त्या मध्याशी बांधलेल्या दिशा आणि सगळ्याला कवेत घेणारी एक सीमा. वास्तुपुरुषमंडलात ६४ किंवा ८१ चौकोन असतात. श्रीयंत्रात नऊ त्रिकोण एकमेकांना छेदून ४३ लहान त्रिकोण तयार होतात, त्याबाहेर ८ आणि १६ पाकळ्यांची कमळं येतात आणि सर्वांत बाहेर पुन्हा चौकोनच, चार दारांचा. वारली लग्नघरात भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात त्या चौकाच्या मध्यभागी पालघाट देवी बसते, तिथेही मांडणी हीच.

हे आधी सांगायचं कारण असं की सध्या गावोगावी ‘मंडला आर्ट’ शिकवलं जातं आणि शिकणारा बहुतेकदा काठावरच्या नक्षीपासून सुरुवात करतो. मी स्वतः ठिपक्यांच्या रांगोळीतून इकडे आले, पुढे कागद, कापड, माती, धातूचं पान असं काय काय चित्रावर चढवू लागले, आणि आता नव्यांना शिकवते. शिकणाऱ्यांना मंडल आणि मिश्रमाध्यम या दोन वेगळ्या वाटा वाटतात: एक शिस्तीची, दुसरी मोकळी. माझा अनुभव वेगळा आहे. मंडलात मध्य ठरल्याशिवाय काठ ठरत नाही, आणि मिश्रमाध्यमात खालचा थर ठरल्याशिवाय वरचा ठरत नाही. दोन्हीकडे क्रम सांभाळला तरच प्रयोग करता येतो. तो क्रम इथे सावकाश उलगडते.

१२ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ घेऊ. कंपासचं टोक कागदात रुतून मध्याचं भोक मोठं होतं आणि मग प्रत्येक नवं वर्तुळ किंचित सरकतं, म्हणून मध्यावर आधी पुठ्ठ्याचा लहानसा तुकडा चिकटपट्टीने लावावा. सोळा पाकळ्या हव्या असतील तर प्रत्येकीला २२.५ अंश. इथे हात लगेच कोनमापकाकडे जातो, आणि चूक तिथेच शिरते. कंपासपेटीतल्या कोनमापकाची त्रिज्या साधारण ५ सेंटिमीटर. तिथे अर्ध्या अंशाची चूक अर्धा मिलिमीटरसुद्धा भरत नाही, डोळ्याला ती दिसतच नाही. तीच रेघ काठापर्यंत नेली की चूक १ मिलिमीटरची होते, आणि बारीक काम तर सगळं काठावरच असतं.

दुसरी पद्धत म्हणजे कंपासमध्ये ४.६८ सेंटिमीटर अंतर धरून परिघावर पावलं टाकत जाणं. गणित बरोबर आहे, पण पाऊल अर्ध्या मिलिमीटरने चुकलं तर सोळा पावलांनंतर सुरुवातीच्या खुणेशी ८ मिलिमीटरची फट पडते. सर्वांत भरवशाची पद्धत दुभागण्याची. एक व्यास काढावा, कंपासने त्याचा लंबदुभाजक काढावा, चार भाग झाले. प्रत्येक कोन दुभागला की आठ, पुन्हा दुभागला की सोळा. प्रत्येक नवी खूण तिच्या दोन शेजारणींच्या मध्ये पडते, म्हणून चूक साठत जात नाही. सहा पाकळ्यांसाठी तर मोजावंही लागत नाही. वर्तुळाची त्रिज्याच परिघावर बरोबर सहा वेळा बसते, आणि ते भाग दुभागून बारा आणि चोवीस मिळतात.

सातचं मंडल मात्र हट्टी. फक्त पट्टी आणि कंपास वापरून वर्तुळाचे अचूक सात भाग करताच येत नाहीत, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. व्यवहारात एक जवळची युक्ती चालते: वर्तुळात समभुज त्रिकोण काढायचा आणि त्याच्या बाजूचा निम्मा भाग हे पाऊल धरायचं. आपल्या वर्तुळात ते १०.३९ सेंटिमीटर येतं, हवं असतं १०.४१. सात पावलांनंतर दीड मिलिमीटरच्या आसपास फट उरते, ती सातही खुणांत वाटून टाकली की नजरेला कळत नाही.

आता वर्तुळातली वर्तुळं. नवशिके ती समान अंतरावर काढतात, दर २ सेंटिमीटरला एक. मग आतली घरं उभट आणि चिंचोळी होतात, बाहेरची आडवी पसरट, आणि एकाच आकाराची पाकळी दोन्हीकडे बसत नाही. घराची रुंदी त्रिज्येबरोबर वाढते, तेव्हा उंचीही त्याच प्रमाणात वाढायला हवी. सोळा भागांच्या मंडलात घरं साधारण चौरस ठेवायची असतील तर प्रत्येक वर्तुळाची त्रिज्या आधीच्याच्या जवळपास दीडपट, नेमकं सांगायचं तर १.४८ पट हवी: २, ३, ४.४, ६.५, ९.६ सेंटिमीटर अशी चढत जाणारी. सूर्यफूल उमलल्यासारखी वाढ दिसते ती या गुणोत्तरामुळे. बाहेर घरं फार मोठी वाटू लागली तर तिथे सोळाचे बत्तीस भाग करावेत आणि पुन्हा लहान घरांपासून सुरुवात करावी. जुन्या घुमटांची छतं पाहताना ही युक्ती ओळखता येते.

पेन्सिलीच्या रेघा झाल्या की शाई. इथे पेनावरचे आकडे फसवतात. मायक्रॉनसारख्या पेनांवर ०१ लिहिलेलं असतं ते ०.१ मिलिमीटर नव्हे, रेघ ०.२५ मिलिमीटरची पडते. ००५ ची ०.२० आणि ०५ ची ०.४५. आकड्यापेक्षा शाईचा प्रकार महत्त्वाचा. रंगद्रव्याची, म्हणजे पिगमेंटची शाई वाळली की पाण्याने हलत नाही आणि उन्हाने सहसा उडत नाही. विरघळणाऱ्या रंगाची शाई दोन्ही परीक्षांत नापास होते. पुढे या चित्रावर ओला थर चढवायचा असेल तर हा फरक पहिल्याच दिवशी पाहावा लागतो.

ठिपक्यांचं मंडल ही याच सांगाड्याची दुसरी शाखा. अ‍ॅक्रिलिक रंगात दांड्याचं गोल टोक बुडवून ठिपका टेकवायचा. ठिपका ठरतो रंगाच्या दाटपणावर: फार दाट असेल तर मधे शेंडी उभी राहते, फार पातळ असेल तर ठिपका पसरतो आणि शेजाऱ्याला चिकटतो. टोक एकदा बुडवून पाच-सहा ठिपके टेकवले की प्रत्येक पुढचा ठिपका आपोआप लहान होत जातो, आणि मोठ्या ठिपक्याभोवती निमुळती माळ याच गुणातून तयार होते. अ‍ॅक्रिलिकमधलं पाणी उडून गेलं की ठिपका थोडा बसतो आणि रंग एक छटा गडद होतो, कारण ओलेपणी दुधाळ असलेलं माध्यम वाळून पारदर्शक होतं. छटा निवडताना ओल्या रंगावर विश्वास ठेवू नये.

मंडल काढताना मन शांत होतं म्हणतात, ते खोटं नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात कार्ल युंग हे मानसशास्त्रज्ञ स्वित्झर्लंडमधल्या शातो-दे येथे नजरकैदेतल्या ब्रिटिश सैनिकांच्या छावणीचे प्रमुख होते. १९१८-१९ च्या सुमारास ते तिथे रोज सकाळी वहीत एक लहान वर्तुळाकार चित्र काढत आणि त्यात त्या दिवशीची आपली मनःस्थिती वाचत. पण त्यांच्या चित्रांत काल आणि आज सारखे नसत, हे विसरलं जातं. एकच पाकळी सोळा वेळा सफाईने काढता येऊ लागली की हात सरावतो आणि डोळा झोपतो. अशा वेळी कलावंताला सांगाडा ठेवून वरचं सगळं बदलावंसं वाटतं. मला ही गरज खरी वाटते, केवळ नावीन्याची हौस नव्हे.

आपल्याकडे या वाटेने गेलेल्यांत प्रभाकर बरवे यांचं नाव मी प्रथम घेईन. अलिबागजवळच्या नागावचे, जन्म १९३६ चा, सर ज. जी. कला महाविद्यालयात शिकलेले. १९६० च्या दशकात विणकर सेवा केंद्राच्या नोकरीत ते वाराणसीला होते, तिथे तांत्रिक प्रतिमांशी त्यांची जवळून ओळख झाली. त्या काळातल्या त्यांच्या कामात यंत्रासारखी मांडणी आहे, चिन्हं आहेत आणि रंगाच्या जोडीने चिकटवलेल्या वस्तूही आहेत. पुढे त्यांनी ती चिन्हं मागे ठेवली आणि घड्याळ, पान, शिंपला असे साधे आकार एनॅमल रंगात रिकाम्या अवकाशात मांडले. वस्तू आणि तिच्याभोवतीची जागा यांचं नातं मात्र त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) हे त्यांचं पुस्तक मराठीत आहे, चित्र करणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावं. सय्यद हैदर रझा यांचा प्रवास उलट दिशेचा. नागपूर आणि मुंबईत शिकून १९५० मध्ये ते पॅरिसला गेले, तिथे अनेक वर्षं निसर्गचित्रं केली आणि नंतर बिंदूपाशी आले. एक मंडलातून बाहेर पडला, दुसरा मंडलाकडे आला.

चित्रात परकी वस्तू चिकटवण्याचा आधुनिक इतिहास १९१२ पासून मोजतात. त्या वर्षी पिकासोने वेताच्या विणीची छपाई असलेलं मेणकापड एका लंबगोल चित्रात चिकटवलं आणि चित्राच्या कडेने खरा दोर लावला. तो दोर मला नेहमी महत्त्वाचा वाटतो. आत इतकं काही मोडलं-जोडलं असताना सीमा मात्र त्याने घट्ट ठेवली.

आता आपल्या मंडलावर थर चढवू. पहिला प्रश्न असा की थरांखाली सांगाडा बुडणार, तो परत सापडेल कसा? त्यासाठी चित्राच्या चारही कडांना कागदी चिकटपट्टी लावावी आणि प्रत्येक अक्षाची रेघ बाहेर त्या पट्टीवर नेऊन खूण करावी. वर काहीही चढो, समोरासमोरच्या खुणा पट्टीने जोडल्या की मध्य पुन्हा हाती येतो. माझ्या मते मंडलाच्या मिश्रमाध्यमातली सर्वांत कामाची सवय हीच.

तळ जड हवा. साध्या चित्रकलेच्या कागदावर ओला थर दिला की तो वाकतो. ३०० जीएसएमचा, आम्लरहित, शक्यतो सुती कागद घ्यावा. कागद ओलाव्याने तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो, म्हणून पुढच्या बाजूला जे चिकटवाल त्याचा ताण तोलायला मागच्या बाजूलाही एक कागद चिकटवावा. एमडीएफच्या गोल पाट्या आता सगळीकडे मिळतात आणि सपाट राहतात, पण त्यांची कापलेली कड ओलावा शोषते. कोकणातल्या पावसाळ्यात कड फुगून वरचा रंग सुटतो. तेव्हा पुढची, मागची आणि कडेची अशी तिन्ही अंगं आधी लेपाने बंद करावीत.

त्यानंतर चिकटवायचा कागद. वर्तमानपत्र सगळ्यांच्या हाताशी असतं, पण त्याच्या लगद्यात लाकडातलं लिग्निन उरलेलं असतं, प्रकाशात ते पिवळं आणि ठिसूळ होतं. तो रंग हवाच असेल तर प्रश्न नाही, नको असेल तर चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून ती वापरावी. झेरॉक्स आणि लेझर छपाईतला टोनर प्लॅस्टिकचा असतो, पाण्याने पसरत नाही. शाई फवारणाऱ्या प्रिंटरची छपाई बहुतेकदा पसरते. याच टोनरमुळे प्रतिमा उतरवताही येते. तळावर जेल मीडियमचा थर द्यायचा, त्यावर छपाई पालथी दाबायची, रात्रभर वाळू द्यायची आणि मग ओल्या बोटाने कागद चोळून काढायचा. टोनर खाली राहतो. अक्षरं उलटी येतात, म्हणून छापतानाच प्रतिमा आरशातल्यासारखी फिरवून घ्यावी.

अनेकांच्या घरात जुने मोडी कागद असतात आणि मंडलाच्या वलयात ती लिपी फार सुंदर दिसते. पण कृपा करून मूळ कागद चिकटवू नका. त्याची प्रत काढा आणि मूळ कागद पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेला दाखवा. तो जमिनीचा हिशेब असेल किंवा एखाद्या गावाचा इतिहास असेल, वाचल्याशिवाय कळणार नाही.

गोंदाचंही पाहायला हवं. बाइंडर लोक पिठाच्या खळीत मोरचूद घालत आले आहेत, कारण नुसत्या खळीला बुरशी येते आणि कसर लागते. पण मोरचूद विषारी आहे, मुलांसोबत काम करताना तो नकोच. अ‍ॅक्रिलिक मॅट मीडियम चिकटवण्यासाठीही चालतं आणि वरच्या लेपासाठीही, आणि एकाच जातीचे थर एकमेकांना धरून राहतात.

रंगांच्या क्रमाचा एक नियम कधीच मोडू नये. अ‍ॅक्रिलिक पाणी उडाल्याने वाळतं, तैलरंग हवेतला प्राणवायू घेऊन वाळतो आणि त्याला महिने लागतात. वाळलेल्या अ‍ॅक्रिलिकवर तैलरंग बसतो, तैलरंगावर अ‍ॅक्रिलिक मात्र धरत नाही, पापुद्रा होऊन सुटतं. तैलखडू तर पूर्ण वाळतच नाही, म्हणून तो शेवटी. थर वाळला का हे पाहण्यासाठी बोटाची मागची बाजू टेकवावी. गार लागलं तर आत अजून पाणी आहे. जुलैमध्ये मुंबईत याला दुप्पट धीर लागतो.

थर चढवणं जितकं महत्त्वाचं तितकंच उतरवणं. वासुदेव गायतोंडे तैलरंगाचा थर रोलर आणि सुरीने पसरत आणि कागदाचे फाडलेले तुकडे टेकवून थोडा रंग उचलून घेत. त्यांच्या चित्रांतली ती आतून येणारी उजळ जागा अशा उचलण्यातून आलेली आहे. मंडलात हे करून पाहावं: एका वलयावर ओला रंग द्यावा, त्यावर कापडाचा तुकडा दाबून उचलावा आणि आधीच्या थरातली शाईची रेघ अर्धवट दिसू द्यावी. पूर्ण भरलेल्या वलयापेक्षा ती अर्धी रेघ जास्त बोलते.

घरातल्या वस्तू वापरण्याचा मोह सगळ्यांना होतो: हळद, कुंकू, गेरू, वर्ख, जरीचा काठ. यातलं काय टिकतं याचं उत्तर अजिंठ्याला मिळतं. तिथले लाल आणि पिवळे रंग म्हणजे गेरू आणि पिवळी माती, लोहाची संयुगं. काळा काजळीचा, निळा लाजवर्द दगडाचा. दीड हजार वर्षांनंतरही ते रंग ओळखू येतात. जिथे चित्र गेलं तिथे पुष्कळदा खालचा मातीचा गिलावाच निसटलेला दिसतो. हळद याच्या अगदी उलट. तिचा पिवळा प्रकाशात झपाट्याने उडतो, आणि चुन्यासारखं काही लागलं की ती लाल होते. पारंपरिक कुंकू याच गुणावर बनतं. अ‍ॅक्रिलिक मीडियमही किंचित आम्लारिधर्मी असतं, त्यामुळे त्यात कालवलेली हळद तांबूस होऊ शकते. खरा चांदीचा वर्ख हवेतल्या गंधकाने काळवंडतो. स्वस्त सोनेरी पान पितळेचं असतं, त्यातलं तांबं हिरवट पडतं. धातूचं पान लावलं की त्यावर लेप हवाच.

याचा अर्थ हळद वापरू नये असा नाही. तिबेटी भिक्षू पांढऱ्या दगडाच्या रंगवलेल्या चुऱ्याने मंडल करतात. धातूच्या निमुळत्या नळीवर दुसऱ्या सळईने घासलं की कंपनाने चुरा धारेत पडतो. कालचक्र मंडलात ७२२ देवता असतात आणि पूर्ण झाल्यावर ते सगळं झाडून वाहत्या पाण्यात सोडतात. दारातली शिरगोळ्याच्या पिठाची रांगोळीही दुसऱ्या दिवशी पुसली जाते. तशी चित्रं मनापासून करावीत आणि जाऊ द्यावीत. पण जे चित्र आपण कुणाला विकत देतो किंवा भिंतीवर लावायला भेट देतो, ते दोन वर्षांत फिकं पडलं तर तो घेणाऱ्यावर अन्याय आहे.

राहिला शेवटचा लेप. तोही अजिंठ्यानेच शिकवला आहे. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटणारी चित्रं जागच्या जागी बसवली, हे मोठं काम होतं. पण वर लावलेला लाखेचा लेप पुढे पिवळा-काळपट झाला आणि तो काढण्यात नंतरच्या पिढ्यांची वर्षं गेली. म्हणून आज असा लेप निवडतात जो पुढे चित्राला न दुखावता काढता येईल, आणि चित्र व लेप यांच्यामध्ये पारदर्शक मीडियमचा एक न निघणारा थर देतात. लेप काढणाऱ्याचं काम त्या थरापाशी थांबतं, रंगापर्यंत पोचत नाही.

लेप वाळला की चित्र पालथं करा आणि मागे पेन्सिलीने लिहा: तळ कशाचा, गोंद कोणता, कोणत्या थरानंतर कोणता थर, वरचा लेप कोणता आणि तो कशाने निघतो, शिवाय तारीख. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट उडत नाही आणि ओलाव्याने पसरत नाही. हे चित्र पुढे कधी कुणाला दुरुस्त करावं लागलं, तर त्याला सर्वांत आधी हीच माहिती लागेल.